यानाबाहेरचा आचारी

सकाळच्या वेळी आमच्या घरात नेहमी तीन गोष्टी हरवलेल्या असतात: नवऱ्याचं घड्याळ, सासूबाईंचा चष्मा आणि माझा धीर. त्या दिवशीही दूध गॅसवर होतं, नवरा एकाच पायात मोजा घालून घरभर फिरत होता आणि सासूबाई काठीने सोफ्याखाली चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी लगेच सांगितलं नाही, कारण काठीबरोबर सोफ्याखालचा केरही बाहेर येत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल असताना थाप मारणारा आमच्या इमारतीत एकच माणूस आहे. बेलने माणूस दचकतो, थापेने नुसता उठतो, असं त्यांचं म्हणणं.

दारात नंबरकाका उभे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात घरातल्या स्लिपर आणि छातीशी धरलेलं ते पुस्तक.

"अगं, ती येतेय," ते म्हणाले.

"कोण येतेय?"

"यानवाली. आज, दुकानात. चष्मा मोडलाय तिचा."

मागे दूध उतू गेलं.

आता हे नीट सांगायला हवं. नंबरकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. औषधाचं दुकान आणि शिंपी यांच्यामध्ये ते इतकं चिंचोळं बसलंय, की काकांना बाहेर पडायचं तर आधी गिऱ्हाइकाला बाहेर काढावं लागतं. आमच्या भागातल्या बहुतेक नाकांवर त्यांच्याच हातचा चष्मा. त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी नाही. रस्त्यात भेटलं की 'कसे आहात' म्हणायच्या ऐवजी ते 'नंबर काय म्हणतोय' असं विचारतात, म्हणून नंबरकाका.

यान म्हणजे एक जुनी विज्ञान कादंबरी, आणि यानवाली म्हणजे ती लिहिणाऱ्या बाई. तिचं खरं नाव लांबलचक आहे, ते मुखपृष्ठावरच शोभतं. आम्ही सगळे तिला 'यान' म्हणतो. एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघतं, पोचायला अर्धं आयुष्य लागणार असतं, आणि तेवढा वेळ आतली माणसं काय करतात, याची ती गोष्ट. मी कॉलेजात असताना ती या हातातून त्या हातात फिरायची. काकांच्या प्रतीचं वेष्टण केव्हाच गेलं. आता तिला चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठा लावलाय.

काका या कादंबरीवर जीव टाकतात आणि तिच्या चुका काढतात. दोन्ही एकाच दमात.

"पहिल्याच पानावर कप्तान चष्मा काढून टेबलावर ठेवतो," ते सांगतात, "आणि पान उलटलं की पाण्याचे थेंब हवेत तरंगतात. म्हणजे पाणी तरंगतं, पण चष्मा गुमान बसून राहतो. का, तर तो कप्तानाचा आहे, शिस्तीत वाढलाय. पुढे तो फुटतो. आणि त्याच्या पुढे हाच कप्तान नुसत्या डोळ्यांनी भिंतीवरचे बारीक आकडे वाचतो. प्रवासाने डोळे सुधारतात हे मला आधी माहीत असतं, तर गिऱ्हाइकांना चष्मे कशाला विकले असते? सहलीला पाठवलं असतं."

ग्रहावर उतरल्यावर आकाशात दोन चंद्र असतात, दोन प्रकरणांनी एकच उरतो. तिथली निळी माणसं पहिल्याच भेटीत आपली भाषा बोलतात, तीही अगदी शुद्ध. "आपल्या पालिकेतल्या माणसाला जे जमत नाही ते त्यांना जमतं," काका म्हणतात. हवा गळायला लागते त्याच्या आधीच कप्तान चार पानांचं भाषण ठोकतो. "निम्मी हवा तर यानेच संपवली."

माझीही तक्रार होती. यानात एक शास्त्रज्ञ बाई आहे. इतक्या पदव्या, की त्यांना वेगळी कॅबिन लागावी. पण अख्ख्या पुस्तकात ती एकच वाक्य बोलते, "म्हणजे काय, कप्तान?" शिवाय इतक्या वर्षांत एकानेही एकदाही कपडे धुतल्याचा उल्लेख नाही. दोरी नाही, बादली नाही. माणसं ताऱ्याशी पोचली, तेव्हा ताऱ्यानेच तोंड फिरवलं नाही हे नशीब.

पण एक जागा अशी आहे, की तिथे काका चूक काढत नाहीत. यान सुटायच्या आधी एका मुलाची आई बाहेरून खिडकीवर तळहात टेकवते. तो ठसा काचेवर राहतो आणि पुढे सगळा प्रवासभर ती खिडकी कुणी पुसत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, उडताना तो ठसा जळून नसता गेला?"

"गेला असता," ते म्हणाले. "गप्प बस."

आता मुख्य गोष्ट. यानात एक आचारी आहे. सगळे ताऱ्यांबद्दल बोलत असतात, हा येता-जाता विचारतो, "जेवलात का?" एकदा यानाच्या बाहेरच्या तबकडीवर बर्फ धरतो आणि संदेश बंद पडतात. सगळे आकडेमोडीत गुंतलेले. तेव्हा हा आचारी उठतो आणि बाहेर जातो. मग कप्तानाचं भाषण, दगडांचा वर्षाव, गळणारी हवा, धावपळ. पुढचं प्रकरण सुरू होतं ते 'सगळे जेवायला बसले' असं. आचाऱ्याचं नाव पुन्हा नाही. तो आत आल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्या बाई त्याला विसरल्या.

काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाखातर हे पुस्तक हातात घेतलं होतं. आचारी बाहेर गेला, पाच-सहा पानं झाली, जेवणाची पंगत बसली, आणि काकूंनी पुस्तक मिटलं.

"अहो, हा आत कधी येतो?"

"येत नाही. विसरल्यात त्या. पुढे वाच, पुढे मजा आहे."

"माणूस बाहेर ठेवून मी नाही पुढे जायची. आणि जेवायला बसले म्हणे. केलं कोणी?"

तो आत आला की हाक मारा, असं सांगून त्या उठल्या. त्यांची दोन मुलं झाली, मोठी झाली, परगावी गेली. काकू त्या पानावरच थांबल्या आहेत. थट्टेत सुरू झालेला हा संप, पण काकूंच्या थट्टा चिवट असतात.

आणि दोन वर्षांपासून काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला, नेमका मधोमध, डाग धरलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. सध्या त्या हातात भिंग घेऊन, मान तिरकी करून, एकेक शब्द टिपून वाचतात. डॉक्टरांनी सांगितलंय, हेही फार दिवस नाही. अख्ख्या बाजाराला नंबर देणाऱ्या माणसाकडे घरात द्यायला नंबर नाही. काका याबद्दल बोलत नाहीत. फक्त गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच एक ओळ लिहिली, छापून आणली आणि त्या पानावर बेमालूम चिकटवली: 'आचारी काम उरकून सुखरूप परत आला.'

काकूंनी भिंगातून ती वाचली आणि म्हणाल्या, "ही भाषा तुमची आहे. चष्मा तयार झाल्याचा निरोप असाच देता तुम्ही."

म्हणून तर त्या सकाळी काका माझ्या दारात उभे होते. यानवाल्या बाई आमच्या भागात भाचीकडे आल्या होत्या. भाचीने फोन करून वेळ घेतली होती.

"तू चल," काका म्हणाले. "मी तिच्यासमोर एकतर दातखीळ बसल्यासारखा गप्प राहीन, नाहीतर पहिल्या पानापासून सुरू करीन. दोन्हीत आचारी बाहेरच राहायचा."

"काकूंना सांगितलंत?"

"नाही. उगाच आस लावायची."

मी गॅस पुसला, सासूबाईंच्या कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवून दिला आणि निघाले. नवरा मागून म्हणाला, "माझा दुसरा मोजा?" मी म्हटलं, "विज्ञानाचं काम आहे, नंतर बघू."

दुकानात काकांनी काचा पुसल्या, पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या, आणि मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. बाई आल्या. मला वाटलं होतं, उंच, करारी कुणीतरी असेल. या तर खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला न टेकणाऱ्या, चण्याच्या पुडीएवढ्या. मोडक्या चष्म्याच्या काडीला औषधी पट्टी गुंडाळलेली, काखेत जाडजूड पाकीट. भाची त्यांना सोडून भाजी घ्यायला गेली.

"लवकर करा हो," बाई म्हणाल्या. "नव्या आवृत्तीची प्रुफं आहेत ही. आज परत करायचीत आणि मला माझंच लिहिलेलं दिसत नाहीये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, विचारा.

"बरेच बदल असतील ना, नव्या आवृत्तीत?" काकांनी विचारलं. आवाज जरा किनरा लागला.

"छे. छपाईच्या चुका तेवढ्या. मजकुरातली वेलांटीसुद्धा हलवणार नाही. आयुष्यभर लोक मला चुका कळवताहेत. एक मास्तर तर दर उन्हाळ्यात गुरुत्वाकर्षणावर लांबलचक पत्र पाठवायचे. एकाचं ऐकलं तर दुसऱ्याचं का नाही? मग माझं काय उरणार? पुठ्ठा."

झालं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंच्या नाकावर तपासणीची ती गोल, जड फ्रेम चढवली. भिंतीवरच्या तक्त्यावर दूरचा नंबर काढला. मग जवळचा काढायला, हाताच्या सवयीने, टेबलावरचा पुठ्ठा उचलून बाईंच्या हातात दिला.

मी स्टुलावरून अर्धी उठलेच. कारण तो पुठ्ठा म्हणजे यानातलंच एक पान. जवळचं तपासायचा छापील कागद कधीतरी चहाने खराब झाला, तेव्हा काकांनी तात्पुरतं म्हणून हे पान लहान अक्षरांत छापून चिकटवलं होतं आणि मग तेच राहिलं. आमच्या भागात ज्याला ज्याला वाचायचा चष्मा लागलाय, त्या प्रत्येकाने तो परिच्छेद वाचलाय. आज तेवढा तो पुठ्ठा आत ठेवायला हवा होता, पण शर्टाला इस्त्री करायच्या नादात राहून गेलं.

बाईंनी डोळे बारीक केले, पहिली ओळ चाचपडत लावली आणि मग धाडधाड वाचत सुटल्या.

"'तुम्ही आकडेमोड करा,' आचारी म्हणाला, 'माझे हात रिकामे आहेत.' त्याने शिरस्त्राण चढवलं, दोर कमरेला बांधला आणि दार ओढून घेतलं. बाहेर अंधार इतका स्वच्छ होता, की त्याला वाटलं, कुणीतरी तो आत्ताच पुसून ठेवलाय."

"छान," काका म्हणाले. काच बदलली. "हे बरं, की हे?"

"सारखंच."

आणखी काच बदलली. तरी बाई अडखळेनात. काका गोंधळले. त्यांनी चुकून दूरची काच घातली असती, तरी बाईंनी ती पास केली असती. शेवटी त्यांनी पेन उचललं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की पुठ्ठ्यावरचा मजकूर संपला होता तरी बाई पुढे चालल्याच होत्या. कप्तान उभा राहिला होता आणि भाषणाचं पहिलं वाक्य झालंसुद्धा होतं.

"बाई," काका म्हणाले, "तुम्ही वाचत नाही आहात. आठवताय."

बाई थांबल्या. "हो की. माझंच आहे हे." मग पुठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "पण हे इथे काय करतंय?"

काकांनी सांगितलं. शिंप्याने वाचलंय, औषधवाल्याने वाचलंय, शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी चाळिशी लागली त्या त्या वर्षी वाचलंय. ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नाही, त्यांनीसुद्धा हे एवढं वाचलंय, आणि तेही चार-चार काचांतून.

बाई खूश झाल्या. जड फ्रेमआडून डोळे चमकले. "मग? काय म्हणतात लोक?"

यापेक्षा सरळ वाट कोणी कुणाला करून द्यायची? प्रत्येक गिऱ्हाईक हा पुठ्ठा खाली ठेवून एकच विचारतं: मग तो आत आला का? एवढं बोलायचं होतं. काकांनी घसा साफ केला.

"म्हणजे तसं... तो कप्तानाचा चष्मा आहे ना, पहिल्या पानावरचा..."

मी कपाळाला हात लावला.

"त्याचं काय?" बाई म्हणाल्या.

"तो टेबलावर राहतो कसा?"

"टेबलाला कड होती."

"कड खाली पडू नये म्हणून असते, बाई. वर जाऊ नये म्हणून नाही."

"त्या मास्तरांचे तुम्ही कोण लागता?"

पण बाई हसत होत्या, आणि काकांना तेवढंच पुरलं. मग काय विचारता. दुसरा चंद्र कुठे गेला, असं काकांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, मावळला असेल, तुमच्याकडे रोज मावळत नाही का. निळ्या माणसांना भाषा कशी आली, तर म्हणे हुशार होती. भाषण फार लांबलं, असं काका म्हणाले तेव्हा त्यांनी मान्य केलं, की ते लिहिताना घरात पाहुणे होते आणि त्यांना उठून बाहेर जायचं नव्हतं, म्हणून त्या लिहीत राहिल्या. मी मध्यस्थीला आलेली, पण माझीही जीभ वळवळली. म्हटलं, "बाई, ती शास्त्रज्ञ. तिला नुसतं 'म्हणजे काय' विचारायला एवढ्या लांब नेलंत?"

"अगं, वाचकांना समजावून सांगायला कुणीतरी विचारणारं लागतं. कप्तानाने विचारलं असतं तर तो कप्तान कसला?"

"आणि कपडे?"

"कपड्यांचं काय?"

"धुतले कोणी?"

बाईंनी थोडा विचार केला. "लिहायला बसायचे ती माझी एकटीची वेळ असायची," त्या म्हणाल्या. "तिथे पण कपडे धुऊ?"

मी माझी तक्रार मागे घेतली.

काका बोलता बोलता हातानेही काम करत होते. औषधाच्या दुकानातून त्यांनी खोकल्याच्या बाटलीबरोबर मिळते ती घडीची चिठ्ठी माझ्याकरवी मागवली आणि ती वाचायला लावून बाईंचा जवळचा नंबर नव्याने काढला. ती चिठ्ठी बाईंना पाठ नव्हती. त्या चांगल्याच अडखळल्या, आणि काच जमली तेव्हा म्हणाल्या, "अरे वा, याने झोप येते म्हणे." त्याच नंबरचा एक तयार चष्मा काकांनी खणातून काढून दिला, नवा होईपर्यंत वापरायला. बाईंनी तो लावला, पाकीट उघडलं आणि वरच्याच पानावर लाल पेनाने एक सुटलेला अनुस्वार दिला.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दिसतंय."

बाहेर भाची पिशव्या घेऊन आली. आत यायला जागा नव्हती, म्हणून दारातूनच म्हणाली, "मावशी, चला, प्रेसचा माणूस घरी येऊन बसलाय."

बाई खुर्चीतून उतरल्या. "मजा आली हो चष्मेवाले," त्या म्हणाल्या. "इतक्या प्रेमाने कुणी माझी सालं काढली नव्हती. पण बदलायचं मात्र काही नाही हं."

"नाही, नाही," काका म्हणाले. "बदलायचं कशाला?" आणि गिऱ्हाइकाला वाट द्यायला ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

मला राहवेना. पण काकांच्या वतीने बोलायची माझी हिंमत झाली नाही, आणि तो माझा हक्कही नव्हता. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, त्यांना पुढचं ऐकायचं नाही, वाचायचंय. कुणी वाचून दाखवलं की त्यात वाचणाऱ्याचा आवाज येतो. मी फक्त एवढंच म्हटलं, "काका, काकू घरी वाट बघत असतील."

काका तसेच भिंतीला टेकून राहिले. मग एकदम पुढे झाले आणि बाईंच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले. एवढ्याशा दुकानात त्यासाठी फार चालावं लागत नाही.

"बाई, मघाशी तुम्ही विचारलंत, लोक काय म्हणतात. ते मी सांगितलंच नाही. उगाच चष्मा नि चंद्र करत बसलो."

"मग आता सांगा."

"सगळे एकच विचारतात. तो आचारी आत आला का?"

बाईंनी त्या तात्पुरत्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. "आला ना," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. काखेतलं पाकीट चाचपलं. "आला असेलच की. पुढे सगळे जेवायला..."

"तिथे तो नाहीये. मी बघितलंय. पुढे कुठेच नाही."

बाईंच्या ओठांची हालचाल होत होती. पुठ्ठ्यावरचं संपल्यावर पुढचं मनात म्हणून बघत होत्या बहुधा. भाचीने दारातून "मावशी" म्हटलं, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

काकांचा आवाज आता अगदी रोजचा होता, गिऱ्हाइकाला चष्मा कसा पुसायचा ते सांगतात तसा.

"बाकी सगळं आहे तसंच राहू दे. मी त्यातलं काही मागत नाही. माझ्या बायकोची नजर जातेय, आणि तिला देण्यासारखा नंबर माझ्याकडे नाही. तो बाहेर गेला त्या जागी ती तुमचं पुस्तक मिटून बसलीय, तो आत आल्याशिवाय पुढे वाचणार नाही म्हणते. मी लिहिलेलं तिला चालत नाही. तेव्हा एवढंच करा, बाई. त्याला आत घ्या. एक ओळ पुरे, तुमच्या हातची. तिला स्वतःला वाचता येतंय तोवर."